पसरलाय, मग किडनी कशाला काढायची?

गेल्या शनिवारी साक्रीहून मामांचा फोन. शेजारच्या काकांना किडनीचा कॅन्सर, फुप्फुसातही गाठी. "पसरलाय ना, मग ऑपरेशन कशाला?" प्रश्न अगदी रास्त. मग मी इतिहास वाचत बसलो.

बोस्टनच्या बार्नी आणि चर्चिल या सर्जन्सनी १९३९ साली एक केस छापली. एका बाईंची किडनी आणि फुप्फुसातली एकुलती गाठ, दोन्ही काढलेली. बाई पुढे वीसहून जास्त वर्षं जगल्या, गेल्या त्या हृदयविकाराने!

२००१ मध्ये दोन चाचण्यांत दिसलं, की आधी किडनी काढून मग इंटरफेरॉन दिलं तर पेशंट काही महिने जास्त जगतो. पुढे सुनिटिनिबची गोळी आली आणि गणित फिरलं. २०१८ च्या 'कार्मेना' चाचणीत ४५० पेशंट होते, मध्यम किंवा जास्त धोक्याचे. नुसत्या गोळीवर निम्मे पेशंट १८.४ महिन्यांपुढे जगले. ऑपरेशन करून गोळी घेणाऱ्यांत हाच आकडा १३.९.

म्हणजे ऑपरेशन बाद? नाही. गाठी एक-दोनच आणि तब्येत धट्टीकट्टी असेल, तर अजूनही करतात. खूप पसरला असेल तर आधी औषध.

मामांना म्हटलं, "काढायची का" हे नंतर. आधी डॉक्टरांना विचारा, गाठी किती, कुठे, आणि आधी औषध दिलं तर?