बाबांची हिरवी फाइल आणि डिजिटल कॅमेऱ्यांचे रिव्ह्यू

तर झालं असं की गेल्या महिन्यात घराला रंग द्यायचा म्हणून माळा रिकामा केला. जुनी पितळी भांडी, माझी इंजिनिअरिंगची ड्रॉइंग शीट्स (ही आईने का ठेवलीयेत देव जाणे) आणि त्यांच्या खाली एक हिरवी पुठ्ठ्याची फाइल. वर बाबांच्या ठसठशीत अक्षरात 'डिजि. कॅमेरा, २००२'. आत एकतीस पानं. सायबर कॅफेत प्रिंट काढलेली, कडेला पेन्सिलीने खुणा केलेली.

गोष्ट मला ऐकून माहीत होती. मामा तेव्हा अमेरिकेत ऑनसाइट होता आणि दिवाळीला येताना "कॅमेरा आणतो, मॉडेल तुम्ही सांगा" म्हणाला होता. बाबा महिनाभर दर शनिवारी कॅफेत जाऊन बसले आणि शेवटी एका नावाजलेल्या साइटवरचा अख्खा रिव्ह्यू छापून आणला. शेवटच्या पानावर भरघोस शिफारस. मॉडेल ठरलं, कॅमेरा आला. मे २००३ मध्ये आत्याचं लग्न होतं. शेवटचं मंगलाष्टक संपलं, 'सावधान' झालं, अंतरपाट दूर झाला आणि बाबांनी बटण दाबलं. कॅमेऱ्याने जरा विचार केला. मग क्लिक झालं.

तो फोटो आजही अल्बममध्ये आहे. हार गळ्यात पडलेले, अक्षता जमिनीवर आणि आत्या भलतीकडेच बघतेय. त्या दिवसापासून बाबांचं मत पक्कं आहे : "हे रिव्ह्यूवाले सगळे कंपन्यांचे मिंधे. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी." मी फोन घ्यायचा म्हणून रिव्ह्यू बघत बसलो की हे वाक्य हमखास ऐकावं लागतं. म्हटलं, या वेळी बघूच. दोन वीकेंड ती फाइल आणि त्या काळातले जे जे जुने रिव्ह्यू मिळाले ते वाचण्यात घालवले. प्रश्न एकच : ते खरंच मिंधे होते का?

आधी थोडा संदर्भ. १९९४ साली आलेला ॲपलचा क्विकटेक १०० हा कॅमेरा ६४० बाय ४८० आकाराचे मोजून आठ फोटो साठवायचा. पुढच्या चार-पाच वर्षांत दर सहा महिन्यांनी नवीन मॉडेलं यायला लागली. छापील मासिकांचा वेग त्याला पुरणं शक्यच नव्हतं, आणि त्यात कॅमेरा कंपन्यांच्या आणि दुकानांच्या जाहिरातींची पानंच्या पानं असायची ते वेगळंच. ही पोकळी एकेका माणसाच्या हौसेतून निघालेल्या साइट्सनी भरून काढली. अमेरिकेत स्टीव्ह सँडर्सची 'स्टीव्हज डिजिकॅम्स' आणि डेव्ह एचेल्सची 'इमेजिंग रिसोर्स', इंग्लंडच्या फिल ॲस्कीने १९९८ मध्ये सुरू केलेली 'डीपीरिव्ह्यू'.

आता यांचं पोट कशावर चालायचं? जाहिराती, आणि 'हा कॅमेरा कुठे स्वस्त मिळेल' अशा दुकानांच्या लिंका. आणि तपासायला कॅमेरे यायचे कुठून? बहुतेक वेळा कंपनीकडूनच, काही दिवसांच्या बोलीवर. म्हणजे बाबांच्या थिअरीला लागणारा सगळा मालमसाला हजर आहे. अमेरिकेतलंच 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' १९३६ पासून एकही जाहिरात न घेता, दुकानातून पदरच्या पैशाने वस्तू विकत घेऊन तपासतंय. त्या मापाने मोजलं तर या सगळ्या साइट्स पहिल्याच चाचणीत नापास.

पण हे रिव्ह्यू प्रत्यक्ष वाचायला लागलो आणि मी जरा चपापलो. कारण ते मतं कमी आणि टेस्ट रिपोर्ट जास्त आहेत. वीस-वीस, पंचवीस-पंचवीस पानं! ॲस्की प्रत्येक कॅमेऱ्याने एकाच मांडणीचा फोटो काढायचा. त्यात बेलीज लिकरची एक बाटली असायची, आणि मला खात्री आहे की एका अख्ख्या पिढीने ती दारू न पिता नुसतं तिचं लेबल शंभर टक्के झूम करून वाचलंय. :) एचेल्सने याच्याही पुढे मजल मारली. बाहेर घराचा फोटो काढला तर ऊन रोज वेगळं पडतं, म्हणून त्याने घराच्या फोटोचं मोठं पोस्टर करून घेतलं आणि प्रत्येक कॅमेऱ्याने त्या पोस्टरचेच फोटो काढले. आमच्या भाषेत सांगायचं तर टेस्ट एन्व्हायर्न्मेंट फिक्स केलं. रिझोल्यूशन मोजायला आयएसओ १२२३३ या प्रमाणातला तक्ता. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मूळ फोटो, जसेच्या तसे, डाउनलोडला ठेवलेले. तीन मेगापिक्सेलची साधारण एक एमबीची फाइल डायल-अपवर उतरवायला सगळं सुरळीत चाललं तरी तीन-एक मिनिटं लागायची. पण ज्याला लेखकावर विश्वास ठेवायचा नव्हता त्याला पुरावा समोर होता. मिंधा माणूस सहसा पुरावा टेबलावर ठेवत नाही.

याचा खरा कस मेगापिक्सेलच्या भांडणात लागला. २००० साली फुजीफिल्मचा फाइनपिक्स ४७०० झूम आला. जाहिरातीत आकडा ४.३ मेगापिक्सेल. आत बसवलेल्या 'सुपर सीसीडी' सेन्सरवर प्रत्यक्ष पिक्सेल होते साधारण २४ लाख. ते तिरक्या मधमाशीच्या पोळ्यासारखे मांडलेले, आणि कॅमेरा मधल्या जागांचा हिशोब करून २४०० बाय १८०० चा फोटो बनवायचा. गुणाकार करून बघा, ४३ लाख भरतात. म्हणजे एकोणीस लाख पिक्सेल हे मोजलेले नव्हेत, गणिताने भरलेले. रिव्ह्यूवाल्यांनी तक्ता लावला आणि सरळ सांगितलं की २४ लाखांपेक्षा थोडं बरं दिसतं, पण बारकावे ४३ लाखांचे नाहीत. त्या वेळचे तीन मेगापिक्सेलचे साधे कॅमेरे त्याच्या बरोबरीचे होते. पुढे २००१ मध्ये जपानी कॅमेरा उद्योगाच्या संघटनेनेच नियमावली काढली की कॅटलॉगमध्ये 'प्रभावी पिक्सेल'चा आकडा द्यायचा.

पण इथे एक गंमत आहे, आणि ती मला मनापासून आवडली. फुजीने गणिताने पिक्सेल भरले म्हणून त्याला फसवणूक म्हणायचं, तर बाकीचे कॅमेरे काय धुतल्या तांदळासारखे होते? नेहमीच्या सेन्सरवर प्रत्येक पिक्सेलच्या डोक्यावर लाल, हिरवी किंवा निळी एकच काच असते. उरलेले दोन रंग शेजाऱ्यांना विचारून ठरवतात. म्हणजे फोटोतल्या रंगांच्या आकड्यांपैकी दोन-तृतीयांश अंदाजच, आणि तो सगळेच करतात. २००२ चा सिग्मा एसडी९ याच्या बरोबर उलट. त्याच्या फोव्हिऑन सेन्सरमध्ये तीन थर, प्रत्येक जागी तिन्ही रंग खरे मोजलेले. फोटो ३४ लाख पिक्सेलचा, पण तीन थर धरून कंपनीचा आकडा १०.३ मेगापिक्सेल. आता न्याय कसा करायचा? ३.४ म्हटलं तर सिग्मावर अन्याय, १०.३ म्हटलं तर बाकीच्यांवर. यावर लोक वर्षानुवर्षं भांडलेत, आणि रिव्ह्यू लिहिणाऱ्याने कुठलीही बाजू घेतली तरी 'विकला गेला' हे ठरलेलं. निःपक्षपाती असणं म्हणजे मधोमध उभं राहणं असं आपण समजतो. इथे मधोमध अशी जागाच नव्हती.

टोरांटोच्या मायकल राइकमनचंही असंच झालं. त्याने २००० साली कॅननच्या नव्या डी३० ची, म्हणजे जेमतेम तीन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची, स्कॅन केलेल्या ३५ मिमी फिल्मशी तुलना केली आणि आपल्याला डिजिटलचा प्रिंट जास्त आवडला असं लिहिलं. फिल्मवाले तुटून पडले. त्यांचा एक मुद्दा बिनतोड होता : तुलनेत फिल्मबरोबर स्कॅनरच्याही मर्यादा मोजल्या गेल्या होत्या. पण राइकमनने आपण काय केलं ते लपवलं नव्हतं, म्हणूनच तर लोकांना चूक दाखवता आली. चुकीचा रिव्ह्यू आणि अप्रामाणिक रिव्ह्यू यांत मी फरक करतो तो इथे.

बरं, कडक लिहायची हिंमत होती का? होती. २००३ च्या शेवटी सोनीचा एफ८२८ आला, आठ मेगापिक्सेलचा, मोठा गाजावाजा करून. रिव्ह्यूंमध्ये पानभर फोटो लावून दाखवलं गेलं की उजळ आभाळासमोरच्या फांद्यांना जांभळी किनार येते. जाहिरात देणाऱ्या कंपनीबद्दल हे लिहिणं सोपं नसणार.

मग बाबांचं चुकलं कुठे? फाइल पुन्हा उघडली आणि सातव्या पानावर सापडलं. तक्ता होता. शटर लॅग, फोकससकट : ०.९ सेकंद. स्पष्ट छापलेलं! बाबांनी त्या पानावर पेन्सिलीची एकही खूण केलेली नाही. सगळ्या खुणा शेवटच्या पानावर.

आणि शेवटच्या पानावर, निष्कर्षात, त्या ०.९ बद्दल चकार शब्द नाही. असं का असावं यावर मी बराच विचार केला. एक कारण म्हणजे त्या काळात सगळेच छोटे डिजिटल कॅमेरे इतका वेळ घ्यायचे. रिव्ह्यू लिहिणारा महिन्याला चार-पाच कॅमेरे हाताळणारा, त्याची तुलना आपसांतली. बाबांची तुलना त्यांच्या हॉटशॉटशी. त्याला फोकस बिकस भानगडच नव्हती, खटका दाबला की खट्. रिव्ह्यूवाल्याच्या लेखी जे 'नेहमीचंच', ते बाबांच्या लेखी लग्नातला फोटो.

दुसरं कारण जरा अवघड आहे. तक्ते कडक आणि शेवटचा शेरा गोड, हे मला एकाच नाही, बऱ्याच रिव्ह्यूंमध्ये दिसलं. जवळपास प्रत्येक कॅमेऱ्याला काही ना काही शिफारस मिळतेच. पाकिटं घेतली असतील असं मला वाटत नाही, त्याची गरजच नव्हती. ज्याचा रिव्ह्यू आधी येणार त्यालाच वाचक मिळणार, आधी लिहायला कॅमेरा आधी हवा, आणि तो देणार कंपनी. अनेकदा तर बाजारात यायच्या आधीचा, अर्धवट फर्मवेअरचा नमुना. कुणी धमकी द्यावी लागत नाही. पुढच्या महिन्यातलं मॉडेल आठवलं की विशेषण आपोआप मऊ होतं. आकडा मात्र मऊ करता येत नाही, कारण दुसरा कुणीतरी तोच मोजून दाखवेल. म्हणून मी म्हणेन, आकड्यांपुरते हे लोक खणखणीत प्रामाणिक होते, शेऱ्यापुरते नव्हते.

आणि काही गोष्टी तर आकड्यांतही येत नव्हत्या. बॅटरीचं उदाहरण घ्या. प्रत्येक कंपनी आपल्या सोयीने मोजायची. २००३ मध्ये जपानच्या 'सीपा'ने पद्धत ठरवून दिली : स्क्रीन चालू, दर तीस सेकंदांनी एक फोटो, एकाआड एक फ्लॅश. तोवर बॉक्सवरचा आकडा म्हणजे निव्वळ श्रद्धेचा विषय.

त्याहून मोठा धक्का ऑक्टोबर २००५ मध्ये बसला. सोनी, कॅनन, निकॉन, फुजीफिल्म, ऑलिंपस, कोनिका मिनोल्टा, रिको, एकामागून एक कंपन्यांनी जाहीर केलं की काही मॉडेलं फुकट दुरुस्त करून देऊ. सगळ्यांत सोनीने बनवलेले सीसीडी होते आणि उष्ण, दमट हवेत त्यांच्या आतली बारीक तारेची जोडणी सुटत होती. फोटो वेडेवाकडे यायचे किंवा येतच नसत. यातली बरीच मॉडेलं दोन-तीन वर्षांपूर्वी रिव्ह्यूंमधून शाबासकी घेऊन गेलेली. रिव्ह्यूवाल्यांचा दोष? एक नग, दोन आठवडे, लंडनचा थंड स्टुडिओ. त्यात हे सापडणारच नव्हतं. मुंबईतला एक जुलै किंवा रत्नागिरीतला एक मे-जून कुणाच्याच टेस्ट प्लॅनमध्ये नव्हता. आम्ही मात्र तो रिव्ह्यू कोथरूडमधल्या कॅफेत बसून, आपल्यासाठीच लिहिलाय असं समजून वाचत होतो.

पुढची कथा थोडक्यात. मे २००७ मध्ये ॲमेझॉनने डीपीरिव्ह्यू विकत घेतली, म्हणजे परीक्षक आणि दुकानदार एकाच छपराखाली. मार्च २०२३ मध्ये ॲमेझॉनने ती बंद करायची घोषणा केली, तेव्हा हा सगळा पंचवीस वर्षांचा दस्तऐवज पुसला जाईल म्हणून लोकांनी तो उतरवून घ्यायला सुरुवात केली. जून २०२३ मध्ये गिअर पेट्रोल या कंपनीने ती घेतली आणि ते संकट टळलं. मिंध्यांचं लिखाण वाचवायला लोक असे रात्र-रात्र जागत नाहीत, असं मी बाबांना सांगणार होतो.

रविवारी जेवणं झाल्यावर फाइल त्यांच्यापुढे ठेवली आणि सातवं पान उघडून दाखवलं. चष्मा लावून त्यांनी तक्ता वाचला. पुन्हा वाचला. मग पान उलटत उलटत शेवटच्या पानावर गेले, तेही सगळं वाचलं.

"मग हे इथे का नाही लिहिलं?" त्यांनी विचारलं.