लुळ्या हाताचे शिक्षण

अर्धांगवायूचा झटका ज्याच्यावर ओढवला, त्याला अंथरुणावर निजवून ठेवावे, त्याच्या अन्नपाण्याची व स्वच्छतेची तजवीज करावी आणि पुढचे दैवावर सोपवावे, ही रीत शतकानुशतके इतकी रुळली होती, की तिच्यापायीच रुग्णाची हानी होत असेल असा संशय सहसा कोणास येत नसे. चरकसंहितेतील वातव्याधीच्या अध्यायात पक्षाघातावर स्नेहन, स्वेदन व विरेचन सांगितले आहे. १६५८ साली योहान याकोब वेप्फर या स्विस वैद्याने शवविच्छेदनांच्या आधारे मेंदूतील रक्तस्राव हे या व्याधीचे एक कारण असल्याचे दाखविले. परंतु कारण उमगले तरी लुळ्या पडलेल्या अवयवांना पुन्हा कामास लावण्याचे शास्त्र विसाव्या शतकापर्यंत आकारास आले नाही.

त्या शास्त्राचा पाया जेथे घातला गेला, त्या ठिकाणांपैकी एक म्हणजे लंडनच्या पश्चिमेचे वेस्ट मिडलसेक्स रुग्णालय. १९३५ साली शेजारच्या अनाथ-दरिद्री लोकांच्या इस्पितळाचा कारभार त्याच्याकडे आला, आणि तेथील ७१४ खाटांची जबाबदारी डॉ. मार्जरी वॉरेन यांच्यावर पडली. त्या खाटांवर वृद्ध व असाध्य ठरविलेले रोगी दीर्घकाळ पडून होते, आणि त्यांत अर्धांगवायूचे रोगीही होते. वॉरेनबाईंनी प्रत्येकाची नव्याने तपासणी केली, रोगवारीने त्यांची विभागणी केली, अंथरुणात बसणे, उभे राहणे, चालणे आणि स्वतःचे कपडे स्वतः घालणे असे टप्पे आखून दिले; तेव्हा असे आढळून आले, की ज्यांची हयात खाटेवर सरावयाची असे गृहीत धरले होते, त्यांतील पुष्कळांची रवानगी घरी किंवा साध्या निवासात करता येते. आखडलेले सांधे, पाठीवरचे व्रण आणि खचलेले मन यांतला मोठा भाग रोगाने नव्हे, तर विश्रांतीच्या अतिरेकाने निर्माण केला होता.

मात्र रुग्ण उभा राहिला म्हणून लुळा हात जागा झाला, असे होत नाही. त्या काळच्या उपचारांत सशक्त बाजूस अधिक कसबी करून जीवनक्रम निभावून नेण्यावर भर असे. या मार्गाला आव्हान दिले ते जर्मनीतून लंडनला आश्रयास आलेल्या बर्टा बोबाथ या व्यायामशिक्षिकेने. दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून त्यांनी ताठर अवयवांचे निरीक्षण केले, योग्य आधार व अंगस्थिती दिल्यास ताठरपणा सैलावतो हे हेरले, आणि पती डॉ. कारेल बोबाथ यांच्या साहाय्याने दुर्बल बाजूसच शिकविण्याची पद्धती उभारली. मूळच्या स्वीडिश, पण अमेरिकेत काम करणाऱ्या सिग्ने ब्रुनस्ट्रॉम यांनी हालचाल परतण्याच्या पायऱ्या नोंदवून, आरंभी उमटणाऱ्या ओबडधोबड हालचालींचाच उपयोग करून घ्यावा, असे प्रतिपादन केले. १९७० साली दोघींचेही अर्धांगवायूवरील ग्रंथ निघाले. मार्गाविषयी त्यांचा मतभेद तीव्र होता. परंतु लुळ्या अंगास वगळून पुढे जाऊ नये, याविषयी नव्हता.

या आग्रहास प्रयोगाचा आधार फार पूर्वीच लाभला होता. १९१७ साली ऑग्डेन व फ्रान्झ यांनी मेंदूस इजा केलेल्या माकडांचा सशक्त हात बांधून दुर्बल हाताकडून काम करवून घेतले, आणि काही आठवड्यांत त्याची शक्ती परतल्याचे पाहिले. पण तो निष्कर्ष दप्तरातच पडून राहिला. पुढे एडवर्ड टॉब यांनी निराळ्या प्रयोगांतून दाखविले, की आरंभी वारंवार अपयश आलेला हात, थोडीफार शक्ती परतल्यावरही, प्राणी वापरीनासाच होतो. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील २२२ रुग्णांच्या चाचणीत चांगल्या हातावर मोजा चढवून दोन आठवडे दुर्बल हाताचा कसून सराव करविला असता लाभ झाला, व तो वर्षानंतरही टिकला. अर्थात मनगट व बोटे थोडी तरी उघडू शकणाऱ्यांसाठीच ही पद्धती आहे, आणि घाईलाही मर्यादा आहे: २०१५ सालच्या २,१०४ रुग्णांच्या चाचणीत पहिल्या चोवीस तासांतच सुरू केलेली जादा उठबस उपकारक ठरली नाही.

आपल्याकडे ही विद्या आली ती पोलिओच्या निमित्ताने. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात परळच्या के. ई. एम. रुग्णालयात मुंबई महानगरपालिका, भारत सरकार आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या सहकार्याने भौतिकोपचाराचे शिक्षण सुरू झाले, आणि १९५५ साली हाजी अलीजवळ अखिल भारतीय भौतिकोपचार व पुनर्वसन संस्था स्थापन झाली. मुलांच्या पायांसाठी घडलेले हे हात पुढे अर्धांगवायूच्या रुग्णांकडेही वळले.

या सर्व इतिहासाचा बोध मला असा दिसतो, की परतणारी हालचाल ही औषधाची देणगी नसून शिक्षणाची कमाई आहे, आणि शिक्षणास शिक्षक, अवधी व सातत्य ही तिन्ही लागतात. आपल्या घरांत प्रेमापोटी रुग्णाचा घासही दुसराच भरवितो, आणि हात शिकण्याची संधी त्या सेवेतच हरवते. शिवाय इस्पितळातून घरी सोडल्यावर तालुक्याच्या गावी भौतिकोपचारतज्ज्ञ सहजी मिळत नाही. जीव वाचविण्यासाठी सरकार जो खर्च कर्तव्य म्हणून करते, त्याच न्यायाने त्या जीवाला पुन्हा उभे करण्याचा खर्चही त्याने कर्तव्य मानला पाहिजे.