फळीबाहेरचे इंजिन

पावसाळ्यात पर्लकोटा नदी पुलावर चढली की भामरागडचा रस्ता तुटायचा, हे गडचिरोलीत कुणाला सांगावे लागत नाही. अशा वेळी त्याच पाण्यावर दोन वाहने दिसत: गावचा डोंगा आणि बचाव पथकाची मोटरबोट, मागे आउटबोर्ड टांगलेली.

डोंगा म्हणजे अख्खे खोड कोरून केलेली नाव. संस्कृतात अशा नावेला द्रोणी म्हणत. ‘द्रु’ म्हणजे लाकूड. त्यावरून द्रोण, म्हणजे लाकडी भांडे. आपल्या पंगतीतला द्रोण त्याच घरातला. लाकूड गेले, पळसाचे पान आले, नाव राहिले. गुरांना पाणी पाजायची डोणीही त्यातलीच. सिरोंच्याकडे प्राणहिता ओलांडली की तेलुगूत होडीला ‘दोने’ म्हणतात, तमिळमध्ये ‘तोणी’. यात कुणी कुणाकडून घेतले, यावर पंडितांचे भांडण आहे. डोंगा मात्र, आवाज कितीही जुळला तरी, द्रोणाचा नातू नव्हे. त्याचे मूळ वेगळे, देशी मानतात. त्याची धाकटी बहीण डिंगी बंगालमधून इंग्रजांच्या जहाजावर चढली आणि ‘डिंघी’ होऊन बसली.

आता आउटबोर्ड. यातला ‘बोर्ड’ म्हणजे फळी, जहाजाची कड. इंजिन फळीच्या बाहेर, म्हणून आउटबोर्ड. मोटरच्या नावातही लाकूड आहेच! इंजिन, गिअर आणि पंखा (प्रोपेलरला मराठीत याहून चांगला शब्द नाही) एकाच तुकड्यात. पाणी उथळ झाले की सगळे वर उचलता येते. दगड आणि वाळूच्या नद्यांत याच सोयीला मोल आहे. इनबोर्डचे इंजिन नावेच्या पोटात बसते; दांडा तळातून बाहेर पडतो आणि पंखा खाली कायमचा. समुद्रात ठीक, उन्हाळ्यातल्या वैनगंगेत तो पहिल्याच खडकाला भिडेल.

व्होल्वो पेन्टाने 1959 मध्ये दोन्हींचा मेळ घातला: इंजिन आत, गिअर आणि पंख्याचा पाय बाहेर. हा स्टर्नड्राइव्ह. ‘स्टर्न’ म्हणजे नावेची मागची बाजू, पण हा शब्द ज्या जुन्या नॉर्स शब्दावरून आला त्याचा अर्थ होता दिशा देणे. न्यूझीलंडच्या बिल हॅमिल्टनने उथळ नद्यांसाठी बाहेरचा पंखाच काढून टाकला; बोट खालून पाणी ओढते आणि मागे जोरात फेकते. ‘जेट’ हा फ्रेंच शब्द फेकण्यावरूनच आला. आपण त्याला निःसंकोच पिचकारी म्हणावे.

या सगळ्यात नोकरी गेली ती सुकाणूची. हा अरबी ‘सुक्कान’, दर्यावर्द्यांबरोबर आपल्या किनाऱ्यावर आला. इनबोर्डला ते अजून लागते, कारण तिथला पंखा फक्त ढकलतो. आउटबोर्डमध्ये आणि स्टर्नड्राइव्हमध्ये पंखाच वळतो, जेटमध्ये पाण्याची धार वळते. वेगळ्या सुकाणूचे कामच उरत नाही. डोंग्यात तर ते कधी नव्हतेच, मागच्या माणसाचा बांबू किंवा वल्हे तेच करी. पाण्यावर काम कमी झाल्यावर सुकाणू जमिनीवर आले आणि 2017 च्या शेतकरी संपात थेट ‘सुकाणू समिती’च्या नावात जाऊन बसले.