पद्मिनीचा लाल दिवा

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी कधी ना कधी दादर स्टेशनबाहेर काळी-पिवळी पद्मिनी पकडली असेल. मुंबईतल्या शेवटच्या नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत २९ ऑक्टोबर २०२३ ला संपली, तेव्हा सगळ्यांनी (मीसुद्धा) भरपूर हळहळ व्यक्त केली. पण या गाड्या इतकी वर्षं चालल्या कशा? सोपं आहे. इंजिन पुन्हा पुन्हा बांधून!

कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये १९६४ पासून फियाट ११०० डी बनू लागली. १९७४ मध्ये तिचं नाव पद्मिनी झालं, इंजिन मात्र तेच १०८९ सीसीचं. लायसन्स राजमध्ये नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागे. त्यामुळे इंजिन झिजलं की उतरवायचं, ब्लॉक रीबोअर करायचा, क्रँकशाफ्ट ग्राइंडिंगला टाकायचा आणि ऑपेरा हाउसजवळच्या मोटर पार्टच्या बाजारातून बेअरिंग आणायची. शाफ्ट घासला की बारीक होतो, मग बेअरिंग तेवढी जाड लागते: दहा थाऊ, वीस, तीस... (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग.) म्हणजे शाफ्ट मोजला की इंजिनाच्या मागच्या आयुष्याचा अंदाज येतो.

आता खरी गंमत. नवं बांधलेलं इंजिन थंड असताना ठीक चालतं, पण गरम होऊन लालबागच्या सिग्नलला उभं राहिलं की ऑइलचा लाल दिवा लुकलुकतो. टॅक्सीवाल्याचा धंदा आधीच चार दिवस बंद. पहिला संशय कुणावर? ऑइल पंपावर.

पण पंप नुसतं ऑइल ढकलतो. दाब येतो तो ऑइलला बाहेर पडायला अडथळा होतो म्हणून, आणि हा अडथळा म्हणजे शाफ्ट आणि बेअरिंगमधली बारीक फट. ती दुप्पट झाली तर त्याच दाबाला गळती साधारण आठपट होते! गिरगावातल्या चाळीत तळमजल्यावरचे सगळे नळ सोडले की तिसऱ्या मजल्यावर धार येत नाही, तसंच.

मग फट मोठी झाली तर फक्त दिवा लागतो का? नाही. १८८३ च्या सुमारास इंग्लंडमध्ये बीचम टॉवर नावाचा इंजिनियर बेअरिंगवर प्रयोग करत होता. ऑइल सोडायला त्याने बेअरिंगला वरून भोक पाडलं, तर ऑइल उलटं वर आलं. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर ढकलली गेली. बेअरिंगवरचा सरासरी भार चौरस इंचाला १०० पौंड, आणि गेजवर २०० च्या वर! १८८६ मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने त्याचं गणित मांडलं. फिरणारा शाफ्ट स्वतःच ऑइलची पाचर तयार करून तिच्यावर तरंगतो. पंपाने फक्त पुरवठा करायचा. पण फट चुकली की ती पाचर टिकत नाही आणि धातू धातूला घासतो.

म्हणून तपासायचा क्रम महत्त्वाचा. आधी साधा यांत्रिक गेज लावून पाहायचं, कारण दिव्याचा स्विचही खोटं बोलतो. सुरुवातीपासून दाब शून्य असेल तर इंजिन लगेच बंद. पंपात हवा अडकली असेल, गाळणीचा पाइप हवा ओढत असेल किंवा आतल्या वाहिनीचं बूच बसवायचं राहिलं असेल. रेस वाढवूनही दाब एका मर्यादेपुढे जात नसेल तर रिलीफ व्हॉल्व्ह पाहायचा. आणि थंड असताना चांगला, गरम झाल्यावर फक्त आयडलला पडत असेल, तर ऑइल पातळ आहे किंवा फट जास्त. मग संप खोलायचा, मायक्रोमीटर काढायचा.

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे जाड ऑइल ओतणं. दिवा विझतो, मालक खूश. पण थंड इंजिनात ते ऑइल बेअरिंगपर्यंत उशिरा पोचतं, आणि फट आहे तेवढीच राहते. आमच्या धंद्यात एरर मेसेज दाबून टाकणारे असतात, तसंच हे. फरक इतकाच की तिथे शाफ्टचे आणखी दहा थाऊ जातात, आणि ते टॅक्सीवाल्याच्या खिशातून जातात.