परिचारिका-प्रशिक्षणार्थींची निवड (गोंदिया जिल्हा)

परिचर्येच्या पदवी व पदविका अभ्यासक्रमांसाठी उमेदवारांची अर्हता, गुणानुक्रम व शारीरिक पात्रता तपासून प्रवेश देण्याची प्रक्रिया. १९४७ च्या अधिनियमान्वये स्थापन झालेली भारतीय परिचर्या परिषद किमान अर्हता ठरविते, तर राज्यातील नोंदणी महाराष्ट्र परिचारिका अधिनियम, १९६६ खालील परिषदेकडे असते (पहा : परिचर्या).

चार वर्षांच्या बी.एससी. पदवीसाठी भौतिकी, रसायन, जीवशास्त्र व इंग्रजी या विषयांसह बारावी आवश्यक असून निवड राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेतून होते. तीन वर्षांच्या जीएनएम (सामान्य परिचर्या व प्रसूतिविद्या) पदविकेचे प्रवेश महाराष्ट्रात पूर्वी प्रामुख्याने बारावीच्या गुणांवर होत. गुणवत्ता यादीत नाव आले तरी काम तेथेच संपत नाही : मूळ गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र आणि राखीव जागेसाठी जातवैधता प्रमाणपत्र सादर करून, वैद्यकीय तपासणी उरकल्यावरच प्रवेश कायम होतो.

भंडाऱ्यापासून १ मे १९९९ रोजी विभक्त झालेल्या गोंदिया जिल्ह्यात (पहा : गोंदिया जिल्हा) देवरी, सालेकसा या आदिवासीबहुल तालुक्यांतील गोंड, हलबा आदी जमातींच्या उमेदवारांच्या बाबतीत जातवैधता प्रमाणपत्र देणाऱ्या समितीचा निर्णय, वस्तुतः, गुणांइतकाच निर्णायक ठरतो.