विस्मृतीची शिरगणती

‘साठी बुद्धी नाठी’ एवढे म्हणून आपल्या वाडवडिलांनी म्हातारपणच्या विसरभोळेपणाचा निकाल लावून टाकला. पण विसरभोळेपणा निराळा आणि स्मृतिभ्रंशाचा रोग निराळा. १९०६ साली अलॉइस अल्झायमर या जर्मन वैद्याने या रोगाच्या एका प्रकारात मेंदूची काय विकृती होते, हे विद्वानांपुढे मांडले. तरी समाजात असे रोगी किती, हे कळावयास पुष्कळ वर्षे जावी लागली. इस्पितळांच्या नोंदवह्या त्या कामी अपुऱ्या होत्या. इंग्लंडातील न्यूकॅसल शहरी वृद्धांच्या घरोघर जाऊन केलेली पाहणी १९६४ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा दिसले की बहुतेक रोगी घरातच दिवस काढीत असतात.

घरोघर जावे, पण विचारावे काय? १९७५ साली अमेरिकेत ३० गुणांची एक छोटी परीक्षा निघाली. तीत तारीख सांगावयाची, शंभरातून सात-सात वजा करावयाचे, एक वाक्य लिहावयाचे. आता, जिने जन्मात पाटी हाती धरली नाही, त्या म्हातारीला हा पेपर दिला तर ती नापासच होणार! पण तो दोष तिच्या स्मृतीचा नव्हे, पेपर काढणाऱ्याचा. शिक्षकाला हे वेगळे सांगावयास नको.

हरियाणातील बल्लभगढच्या खेड्यांत संशोधकांनी नेमके हे ओळखले. तेथील ५५ वर्षांवरील ५,१२६ माणसांत ७३.३ टक्के निरक्षर होती. त्यांच्यासाठी हिंदीत निराळे प्रश्न रचले. वाक्य लिहावयाच्या ऐवजी आपल्या घराविषयी काही बोलावयास सांगितले. घरच्यांना विचारले : जेवल्याचे विसरतात का? गावात वाट चुकतात का? होळी-दिवाळीसारखे सण ध्यानात राहतात का? १९९८ साली निष्कर्ष आला : पासष्टीपुढच्या शंभरात १.३६ रोगी.

त्याच वर्षी कोचीनला ‘दहा-सहासष्ट’ नावाचा अभ्यासगट जन्मला. जगातले ६६ टक्के रोगी गरीब देशांत, आणि संशोधन मात्र दहा टक्क्यांहून कमी, हा त्या नावाचा अर्थ. मुंबईत २४,४८८ माणसांच्या पाहणीत पासष्टीपुढे प्रमाण २.४४ टक्के भरले. ती २००१ साली प्रसिद्ध झाली. २०२३ साली देशभरच्या पाहणीवरून साठीपुढचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे, असा अंदाज निघाला. स्त्रियांत ते ९, पुरुषांत ५.८.

म्हणजे रोग पाच पटींनी वाढला काय? तसे म्हणता येत नाही. वयाची मर्यादा निराळी, प्रदेश निराळे, तपासण्याची रीत निराळी. शिवाय ज्या घरात सून निमूटपणे सारे सावरून घेते, तेथे रोग आहे हेच कुणाच्या ध्यानी येत नाही. अशा घराची गणती होत नाही, आणि ज्याची गणती नाही त्याच्यासाठी सोयही होत नाही.

वाचकहो, यंदा फराळाला बसताना घरातल्या आजीने ‘आज कसला सण?’ असे पुनःपुन्हा विचारले, तर हसण्यावारी नेऊ नका. तिला डॉक्टरांकडे न्या. थायरॉइडचा विकार किंवा बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव यांनीही स्मृती मंदावते, आणि त्यांवर औषध आहे.