विहिरी, हातखोद : आकारमानाची तुलना

यंत्रांवाचून, कुदळ-पहारीने खोदलेल्या विहिरी. त्यांतली ‘सर्वांत मोठी’ कोणती, हे कशाचे माप धरायचे यावर ठरते. मराठी मुलखात खोली परसात सांगत. मोठेपणा मात्र मोटांवर. दोन मोटेची, चार मोटेची म्हणजे तेवढ्या मोटा एकाच वेळी चालतील अशी. त्यात काठाचा घेर, झऱ्याचा जोर आणि बैलांच्या धावेला लागणारी जागा हे सारे आपोआप येते. फुटांच्या मापात ते येत नाही.

खोली : इंग्लंडमधील ब्रायटनजवळची वुडिंगडीन विहीर (१८५८–६२) १,२८५ फूट (सु. ३९२ मी.) खोल असून हातखोद विहिरींत तीच सर्वांत खोल मानली जाते. व्यास जेमतेम ४ फूट.

रुंदी : अमेरिकेतील ग्रीन्सबर्ग (कॅन्सस) येथील विहीर (१८८७–८८) १०९ फूट खोल व ३२ फूट व्यासाची आहे. ‘जगातील सर्वांत मोठी हातखोद विहीर’ अशी तिची जाहिरात होत आली. साताऱ्याजवळील लिंब येथील बारा मोटेची विहीर सामान्यतः ११० फूट खोल व ५० फूट रुंद सांगतात. खोली जवळपास तेवढीच, पण आडव्या छेदाचे क्षेत्रफळ दुपटीहून अधिक. तेव्हा जाहिरातीतला दावा टिकत नाही. ही अष्टकोनी दगडी विहीर शाहू छत्रपतींच्या परिवारातील वीरूबाई भोसले यांनी शके १६४१ ते १६४६ (इ. स. १७१९–२४) या काळात बांधविली. तलविन्यास शिवलिंगासारखा असून मुख्य विहिरीला लागून उपविहीर आहे. दोहोंमधल्या बांधकामात छोटा महाल असून त्याच्या गच्चीवर आसनाची जागा आहे. नाव बारा मोटांचे, मोटा बसविण्याच्या जागा मात्र पंधरा. पाणी परिसरातील आमराईला जाई.

ओर्व्हिएतो (इटली) येथील सान पात्रित्सिओची विहीर (१५२७–३७) १३ मी. रुंद व ५० मी.हून खोल आहे; पण त्या रुंदीत खेचरांसाठी केलेले दोन सर्पिल जिने आले.

बारवा : पाटणची (गुजरात) राणी की वाव पायऱ्यांसकट ६४ मी. लांब आहे. बारवांची मोजणी निराळी असल्याने ती या तुलनेत धरलेली नाही.